बदलाची झाली बदली

सरकारी माणसानं एप्रिल महिन्यात फोनवर मोठ्यानं बोलू नये. हा नियम कुठल्या सेवाशर्तीत लिहिलेला नाही. लिहिला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं, आणि मला दोष द्यायला कुणाला जागा राहिली नसती.

मी संजय ओव्हाळ. युसूफ वडगावच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. लोक मला डॉक्टर म्हणतात. सुरुवातीला मी प्रत्येकाला थांबवून सांगायचो की बाबा रे, मी डॉक्टर नाही, माझा डिप्लोमा आहे. त्यावर लोक म्हणायचे, "असू द्या वो डॉक्टर." मग मी सांगायचं सोडलं.

तर गेल्या दिवाळीपासून माझं बूड एका जागी टेकत नव्हतं. कारण क्षुल्लक होतं. बीडला आमचं एक प्रशिक्षण झालं. शिकवायला कुठल्यातरी कंपनीचा टाय लावलेला पोरगा आला होता, एमबीए झालेला. त्यानं आम्हाला, म्हणजे ज्यांचा निम्मा जन्म गायीच्या मागच्या बाजूला उभं राहून गेला त्या आम्हाला, गाय म्हणजे काय ते पडद्यावर समजावून सांगितलं. दुपारी प्रात्यक्षिकाला खरी गाय आणली, तर हा गडी झाडामागं गेला आणि तिथून म्हणाला, "यू कॅन सी द काऊ." आमचे मोठे साहेब त्याला 'सर, सर' करत होते. मला तर चहा कुणी विचारला नाही, गायीला निदान कडबा तरी टाकला.

त्या दिवसापासून डोक्यात किडा शिरला. आपण काय फक्त शेपट्याच धरायच्या? मुक्त विद्यापीठातून बी. ए. झालेलंच होतं. घरी 'लातूरला मीटिंग हाय' असं सांगून प्रवेश परीक्षा देऊन आलो. सत्तर पर्सेंटाइल पडले. ते चांगले की वाईट हे कळेना. कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण घरी सांगितलेलं नव्हतं, आणि घरी का सांगितलं नव्हतं ते पुढं येईलच. मग एक दिवस फोनवर जाहिरात दिसली: 'एमबीए प्रवेशाची तुमची शक्यता तपासा. मोफत.' मोफत म्हटल्यावर माणसाचं बोट आपोआप पुढं जातं.

पहिलाच प्रश्न, तुमचं सध्याचं क्षेत्र. खाली पर्याय होते आयटी, बँकिंग, उत्पादन, सल्लागार आणि इतर. मी इतर. छत्तिसाव्या वर्षी माणसाला कळावं की आपण इतर आहोत, ह्यासारखा अपमान नाही. तरी रेटून पुढं गेलो. 'कामातील ठळक यश' ह्या रकान्यात खूप विचार करून लिहिलं, 'हजाराच्या वर यशस्वी गर्भधारणा.' ते खरं होतं. रजिस्टरला नोंदी आहेत. एक गोल चक्र फिरलं, आणि हिरवट पिवळ्या पट्टीत उत्तर आलं: 'तुमची शक्यता: मध्यम.'

मध्यम! अहो, वाईट म्हणाले असते तर मी फोन खिशात घालून गपगुमान गायीकडं गेलो असतो. उत्तम म्हणाले असते तर पेढे वाटले असते. मध्यम म्हटल्यावर माणूस ना जगतो ना मरतो. आमच्याकडं आजारी जनावराच्या कागदावर 'प्रकृती मध्यम' असं लिहितात तेव्हा त्याचा अर्थ मालकानं देवाचं नाव घ्यावं असा असतो. मी चार दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. पंचशीला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आवं, पोटात कळ येती का? ओव्याचं पाणी देऊ?"

पाचव्या दिवशी त्या मोफतवाल्यांचा फोन आला. बोलणाऱ्या होत्या पुण्याच्या करिष्मा मॅडम. आता आमच्या दवाखान्यात रेंज येते ती फक्त खिडकीत, आणि तीही एका पायावर उभं राहिलं तर. अख्ख्या गावात भरवशाची रेंज एकाच ठिकाणी, जलालुद्दीनभाईच्या गॅरेजपुढच्या लिंबाखाली. म्हणून मी फोन कानाला लावून तिकडं पळालो. जलालभाई एका ट्रॅक्टरखाली पडला होता, त्याचे फक्त पाय दिसत होते. पायांना कान नसतात, असा माझा समज.

"सर, इथं तुम्ही लिहिलंय," मॅडम जरा अडखळत म्हणाल्या, "हजाराच्या वर... गर्भधारणा?"

"गायी मॅडम! गायी-म्हशी! कृत्रिम रेतन!" मी ओरडलो. रेंज असली तरी आवाज आपला आपणच पोचवावा लागतो असं आमच्याकडं मानतात.

मॅडमना हायसं वाटल्याचं मला पुण्यातून ऐकू आलं. मग त्यांनी माझी चिरफाड सुरू केली. सत्तर पर्सेंटाइल म्हणजे काठावर. वय जास्त. अनुभव भरपूर, पण 'वेगळा'. हाताखाली किती माणसं? मी म्हटलं, एक परिचर आहे, तो रजेवर आहे. लोकांवर तुमचा प्रभाव दाखवणारा एखादा प्रसंग? मी म्हटलं, मॅडम, मी आलो की म्हशी दावं तोडतात. मॅडमनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, तुमचा मुख्य प्रश्न वेगळाच आहे. पॅनल एकच विचारणार. व्हाय एमबीए? कशासाठी? त्याचं उत्तर तुमच्याकडं दिसत नाही. तुम्हाला खरंच बदल हवाय का?"

झालं, माझी सटकली. दिवाळीपासूनची सगळी घालमेल त्या एका वाक्यावर उसळून आली. मी लिंबाखाली उभा राहून, गाव ऐकेल असा बोंबललो, "हो मॅडम! बदल करायचा म्हणजे करायचाच! जूनच्या आत इथनं निघायचं! पुणंच धरलंय! मुलाखतीचं तेवढं बघा!"

ट्रॅक्टरखालचे पाय हलायचे थांबले.

आता मराठी भाषेत 'बदल' हा चांगला, स्वतंत्र, सुशिक्षित शब्द आहे. पण सरकारी नोकराच्या तोंडून, एप्रिल महिन्यात, 'करायचाच' आणि 'जूनच्या आत' ह्यांच्या मध्ये तो आला, की ऐकणाऱ्याचे कान त्याला आपोआप एक वेलांटी लावतात. बदल्यांचा हंगामच असतो तो. बदलाची तिथल्या तिथं बदली झाली, आणि मला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जलालभाईनं मला गॅरेजसमोर अडवलं. "डॉक्टरसाब, मै सब सुन्या. बोलनेका नै हमकू? जातेव तुमी?"

मला वाटलं, ऐकलंच आहे तर लपवून काय उपयोग. म्हटलं, "अजून कशात काय नाही जलालभाई. शक्यता मध्यम आहे."

"मध्यम म्हंजी वशिला कमी पडालाय," जलालभाई डोळ्याच्या कोपऱ्यानं बघत म्हणाला. "आनि काय लागतंय?"

"मार्क. सत्तर पडलेत."

"फर्स्ट क्लास! अल्ला, आता बदलीला बी मार्कं लागायले!" हे दुसरं वाक्य तो ट्रॅक्टरखाली शिरता शिरता बोलला, त्यामुळं मला फक्त 'फर्स्ट क्लास' एवढंच ऐकू आलं. मी खूश. दिवाळीपासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मार्कांबद्दल बरं बोललं होतं.

दुपारपर्यंत बातमी म्हाळूकडं पोचली. म्हाळू दूध संकलन केंद्र चालवतो. गावातलं दूध आणि गावातली बातमी दोन्ही रोज दोनदा त्याच्याकडं जमा होतात, आणि दोन्हीत थोडं पाणी पडतं. तो मोटारसायकल आडवी लावून म्हणाला, "डॉक्टर, पुण्याला जायाचं म्हनं? लई वरचा हात लागतो त्याला."

"वरचा हात नाही रे, मुलाखत असते."

"मुलाखत घेत्यात?"

"पॅनल असतं. दोघं-तिघं बसतात, प्रश्न विचारतात. आवडलं तर घेतात, नाहीतर वेटिंगवर टाकतात."

म्हाळूनं मान हलवली. "काय दिवस आले बगा. पह्यले नुसता अर्ज केला की व्हत व्हतं." आणि मग एकदम हळवा होऊन म्हणाला, "पण जाऊ नका डॉक्टर. आमच्या गाईचं कुणी बगायचं?" मला वाटलं, काय मोठ्या मनाची माणसं आहेत ही. माझ्या शिक्षणाची ह्यांना एवढी काळजी. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे." म्हाळूचा चेहरा पडला, कारण आमच्याकडं 'दोन वर्षांसाठी' गेलेला सरकारी माणूस परत आल्याचं कुणी बघितलेलं नाही.

इथपर्यंत सगळी गंमत होती. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा गंमत संपली.

आता सांगतो, घरी का बोललो नव्हतो. पंचशीला युसूफ वडगावच्या उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे. लग्न झाल्यावर चार वर्षं ती इथं आणि मी पाटोद्याला. शनिवारी रात्री यायचं, सोमवारी पहाटे जायचं. आमची अंजू तेव्हा बोलायला लागली होती. मी दारात आलो की ती आत पळत जाऊन सांगायची, "आई, पाटोद्याचे आले." पप्पा नाही, पाटोद्याचे. सगळी हसायची. मीही हसायचो, आणि नंतर न्हाणीत जाऊन तोंड धुऊन यायचो. मग 'पती-पत्नी एकत्रीकरण' ह्या नावाच्या सरकारी कलमाखाली आम्ही जे हेलपाटे घातले त्याची एक वेगळी पोथी होईल. पंचशीला लेकरू कडेवर घेऊन साहेबांच्या दारात उभी राहिली होती. सरकारनं आमचं एकत्रीकरण केलं त्या दिवशी तिनं आख्ख्या आळीला खीर घातली होती. अशा बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं, की मी पुन्हा निघालोय?

घरात शिरलो तर ती भाकरी थापत होती. थापत होती म्हणण्यापेक्षा भाकरीला मारत होती. मग तव्याकडं बघतच म्हणाली, "बायनाबाई आलती इंजेक्शन घ्यायला. म्हणली, शिस्टर, तुमच्या मालकानं पुण्याला बदलीचा अर्ज केलाय, अन् तुमी इतं निवांत कशा?"

"बदली? कोणती बदली?"

"मला इचारता?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जलालभाईचा फर्स्ट क्लास, म्हाळूचा वरचा हात, सगळं उलगडलं. मी घाईघाईनं खरं काय ते सांगून टाकलं. लातूरची मीटिंग, सत्तर, मध्यम, करिष्मा मॅडम, सगळं. मला वाटलं, बदली नाही म्हटल्यावर तिला बरं वाटेल. तिनं भाकरी उलटली आणि एकच शब्द बोलली, "कावून?" म्हणजे, कशासाठी?

मी पाठ केलेलं सुरू केलं. "माणसानं आपल्या क्षमतांचा विस्तार करावा, नेतृत्वगुणांना योग्य व्यासपीठ..."

"भाषण नका करू. कावून?"

मला सांगता आलं नाही. खरंच आलं नाही. टायवाल्या पोराचं सांगावं तर ते फार बारकं वाटत होतं. ती म्हणाली, "बदली असती तर परवडली असती. बदली सरकार करतं, सरकारला शिव्या देता येत्यात. ह्ये तुमी सोताहून करायलेत." आणि उठून गेली. भाकरी करपली. मी ती खाल्ली, कारण त्या वेळी तक्रार करायची माझी लायकी नव्हती.

मला वाटलं, उद्या गावात खुलासा करावा. केलाही. जलालभाईला म्हटलं, "बदली नाही हो, बदल." तो म्हणाला, "हौ, समजलं. आतली गोष्ट हाय, आमी नै बोलनार." म्हाळूला म्हटलं, "अरे मी शिकायला चाललोय." तो हसून म्हणाला, "डॉक्टर, ह्या वयात? आमाला येड्यात काढता व्हय?" माणसाला एकदा खोटं पटलं की खरं सांगणारा त्याला लबाड वाटतो. मी हात टेकले.

आणि तशात, करिष्मा मॅडमनी माझा अर्ज भरलेल्या पुण्याजवळच्या एका संस्थेचं मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत फोनवरच, चित्रासकट. सोमवारी सकाळी अकरा वाजता. पंचशीलाला सांगितलं. ती म्हणाली, "द्या की. मी कोन अडवनार?" पण लग्नातला कोट तिनंच पेटीतून काढून, इस्त्री करून ठेवला.

सोमवारी दवाखान्याच्या खिडकीत, औषधांच्या खोक्यावर फोन उभा केला. वर कोट, खाली रोजची पँट आणि गमबूट, कारण कोट आता पोटावर बसत होता पण पँट बसत नव्हती. रेंजसाठी एक पाय उचललेला. पडद्यावर दोन माणसं आली. एक तरुण बाई आणि एक चष्मेवाले वयस्कर प्राध्यापक. मी पाठ केलेलं पहिलं इंग्रजी वाक्य सोडलं, आणि तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला:

"डॉक्टरची बदली रद्द झालीच पायजे!"

"झालीच पायजे! झालीच पायजे!"

मान वळवून बघतो तर काय, समोरच्या केजच्या रस्त्यावर रास्ता रोको. सगळ्यात पुढं म्हाळू, त्याच्यामागं जलालभाई हातात पाना घेऊन, त्याच्यामागं पंचक्रोशीतली माणसं, आणि सगळ्यांच्या मधोमध गायी, म्हशी, वासरं. दोन्ही बाजूला एसट्या आणि उसाचे ट्रक थांबलेले. एका कापडावर 'आमचा डॉक्टर आमालाच पायजे' असं लिहिलेलं. आणि भर रस्त्यात, डांबरावर फतकल मारून, आपल्या जर्सी गायीचं दावं हाताला गुंडाळून बायनाबाई बसलेली. ह्या गायीच्या पोटात वासरू आडवं झालं होतं तेव्हा मी अख्खी दुपार तिच्यापाशी घालवली होती. बायनाबाई ड्रायव्हरला सांगत होती, "घाल माझ्या अंगावरून. पर डॉक्टरला न्हाई जाऊ देनार."

खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अशा गावात मी दिवाळीपासून जीव गुदमरतोय म्हणून पाय आपटत होतो.

"काही गडबड आहे का तिकडं?" प्राध्यापकांनी मराठीतच विचारलं.

"सर, आंदोलन आहे. माझ्या बदलीविरुद्ध."

"अच्छा, तुमची बदली झालीय?"

"नाही सर."

"मग?"

"मी तुमच्याकडं येणार आहे ना, म्हणून."

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. बाई म्हणाल्या, "म्हणजे ही सगळी माणसं आमच्या प्रवेशाच्या विरोधात बसलीत?"

"माणसं आणि जनावरं, मॅडम," मी म्हणालो. ते खरं होतं आणि अचूकपणा असावा असं करिष्मा मॅडमनी सांगितलं होतं.

प्राध्यापक खो खो हसले. मग चष्मा पुसत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "अहो, एवढी माणसं ज्याला सोडायला तयार नाहीत, तो इथं कशाला येतोय?"

पुन्हा तोच प्रश्न. मी तोंड उघडलं. खिडकीतून बायनाबाईच्या गायीनं एक लांबलचक हंबरडा फोडला, तो मात्र पुण्यापर्यंत स्वच्छ गेला. आणि मग रेंज गेली. एवढ्या वर्षांत आमच्या गावची रेंज पहिल्यांदाच वेळेवर गेली.

बाहेर तालुक्याहून साहेब आले होते. एसट्यांची रांग बघून त्यांनी घाम पुसला, म्हाळूच्या हातातलं निवेदन घेतलं आणि न वाचता त्यावर लेखी आश्वासन देऊन टाकलं: 'श्री. ओव्हाळ यांची बदली तात्काळ रद्द करण्यात येईल.' टाळ्या पडल्या. मला खांद्यावर घेतलं. कोट काखेत उसवला. मी ओरडून सांगत होतो, "अरे, बदली झालेलीच नाही!" आणि लोक ओरडत होते, "होऊच देनार न्हाई!"

आठवड्यानं मला बीडच्या कार्यालयातून बोलावणं आलं. आस्थापनेच्या बाबूंनी आधी चहा पाजला तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"तुमच्यामुळं लई अडचण झाली बघा," ते म्हणाले. "साहेबांनी रस्त्यावर लिहून दिलं, बदली रद्द करतो म्हणून. लेखी आश्वासनाची पूर्तता करायला लागते. फाइल काढली, तर तुमची बदलीच नाही!"

"मी तेच तर सांगतोय."

"मग रद्द काय करायचं? नसलेली बदली रद्द केली तर तपासणीत आम्ही सापडतो. म्हणून उपाय काढला." बाबूंनी एक कागद पुढं सरकवला. "आधी तुमची बदली केली. आता ती रद्द करता येईल."

कागदावर लिहिलं होतं: प्रशासकीय कारणास्तव बदली, पाटोदा.

मी चहाचा कप खाली ठेवला. "पाटोदा? अहो, मी चार वर्षं तिथनं निघायला..."

"म्हणून तर पाटोदा. तुमची जुनी माहिती फायलीत होती, टायपायला सोपं गेलं. काळजी करू नका, रद्दचा प्रस्ताव मागोमाग ठेवलाय. सही झाली की झालं." आणि दुसरा कागद सरकवला. "अन् हे पण घ्या. बदलीच्या संदर्भात बाहेरून दबाव आणल्याबद्दल, कारणे दाखवा."

पुण्याच्या मॅडम विचारतात व्हाय, बायको विचारते कावून, सरकार म्हणतं कारणे दाखवा. सगळ्या जगाला माझ्याकडून एकच उत्तर हवं होतं आणि माझ्याकडं तेवढंच नव्हतं.

रद्दच्या प्रस्तावावर सही होणार होती त्याच दिवशी निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. आचारसंहितेत बदली रद्द करता येत नाही. पाळता मात्र येते. मी पाटोद्याला रुजू झालो. निरोपाला म्हाळूनं मला टोपी-टॉवेल दिला, फेटा बांधला, आणि सगळ्या गावासमोर छाती फुगवून म्हणाला, "डॉक्टर, तुमी न्हाई न्हाई म्हनत व्हते. आमी पह्यल्यापासून सांगत व्हतो का न्हाई, तुमची बदली हाय म्हणून?" लोकांनी माना डोलावल्या.

त्या संस्थेचंही उत्तर आलं. प्रतीक्षा यादी. म्हणजे पुन्हा मध्यमच.

पहिल्या शनिवारी रात्री एसटीतून उतरून घरी आलो. अंजू आता चौथीत आहे. दार तिनंच उघडलं. माझ्याकडं, माझ्या पिशवीकडं बघितलं, आणि आत तोंड करून मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "आई, पाटोद्याचे आले." आणि स्वतःच हसत सुटली. मी हसलो. न्हाणीत मात्र गेलो. तोंड धुवायला.

जेवणं झाली. पंचशीलानं भांडी आवरली, पदराला हात पुसले आणि आपला फोन माझ्यापुढं धरला. "हे बगा. हसायचं न्हाई."

पडद्यावर गडद हिरवी पट्टी. 'तुमची शक्यता: उत्तम.'

मी दोनदा वाचलं. "हे कुणाचं?"

"माझं. मोफत व्हतं म्हणून बगितलं. इचारलं हाताखाली किती माणसं, मी आमच्या सगळ्या आशाताया मोजल्या. इचारलं अवघड काम काय केलं, मी कोरोनाच्या लसीच्या वेळेचं लिव्हलं, अख्खं गाव दारं लावून बसलं व्हतं, अन् मी अन् आमच्या आशाताई गौसियाभाभीनं घराघरात जाऊन दारं उघडून घेतली ते. त्या करिष्मा मॅडमचा फोन आलता. म्हणल्या, शनवार-रयवारचा बी कोर्स असतो, नोकरी सांभाळून. तुमचं बी. ए. झालंच हाय, परीक्षा तेवढी द्या."

मला आधी राग आला. हे सांगितलंच पाहिजे. मी 'इतर' आणि मध्यम, आणि ही चुलीपुढं बसून उत्तम! मग माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "कावून?"

तिला विचार करावा लागला नाही. "कावून म्हंजी? मीटिंगला गेलं की मला मागच्या खुर्चीवर बसवत्यात अन् माझंच काम दुसरं कुणी पुढं उभं राहून वाचून दावतं. मला एकदा पुढं उभं राहून सोता वाचायचंय. बास."

टायवाला पोरगा, झाडामागून दिसणारी गाय, न विचारलेला चहा, सगळं त्यात आलं होतं. हेच तर मला म्हणायचं होतं. मी दिवाळीपासून घरभर फिरलो आणि मला सापडलं नाही. "अगं, माझंही हेच होतं," मी म्हणालो. "मला लाज वाटत होती."

"मला सांगायला?" ती म्हणाली. "येडेच हाव तुमी." आणि बऱ्याच दिवसांनी माझ्या हातावर न मागता गुळाचा खडा ठेवला.

रविवारी सकाळी करिष्मा मॅडमशी बोलायला आम्ही दोघं लिंबाखाली गेलो. फोन तिच्या कानाला, मी शेजारी उभा. जलालभाईचे पाय जीपखालून बाहेर आलेले. रेंज जरा कमीच होती. पंचशीला आमच्या गावचीच बाई. तिनं पदर खोचला, दम घेतला आणि दोन आळ्या ऐकतील अशा आवाजात म्हणाली, "हौ मॅडम! मला बी बदल करायचाय! मालकाला बी घ्या संगट!"

पाय हलायचे थांबले. जलालभाई सरपटत बाहेर आला, तोंडाला ग्रीस, हातात पाना. त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"शिस्टरची बी?"

"जलालभाई, बदली नाही," मी हात जोडले. "बदल! बदल! शेवटी ली नाही!"

"हौ हौ, समजलं," तो म्हणाला, आणि खिशातला फोन काढून म्हाळूचा नंबर शोधायला लागला.